पित्ताची गोळी

"दुपारी काय खाल्लं होतं यांनी?" डॉक्टर राजश्रींनी विचारलं, आणि नम्रता तोंड उघडणार तेवढ्यात तिच्या सासूबाई, सगुणाबाई, म्हणाल्या, "कोळंबी." संपलं. अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराबाहेर तिघी उभ्या होत्या, आत आप्पा, नम्रताचे सासरे, नाकाला नळी लावून निजलेले होते, आणि झाल्या प्रकाराला एक नाव हवं होतं ते मिळालं. डॉक्टरांनी मान हलवली. सगुणाबाईंनी पदराचा बोळा करून तोंडावर धरला. नम्रताचं बोलायला म्हणून उघडलेलं तोंड तसंच मिटलं. खरं तर मिटायचं काही कारण नव्हतं. कोळंबीनंतरही बोलता आलं असतं. कोळंबी काही एवढी मोठी नसते की तिच्यामागे दुसरं वाक्य मावू नये. 'आणि संध्याकाळी गुडघ्यासाठी मी एक गोळी दिली' एवढंच तर म्हणायचं होतं. डॉक्टरांनी पुढे स्वतःहून विचारलंही, "नवीन औषध, गोळी, इंजेक्शन, काही?" त्यावरही सगुणाबाईच म्हणाल्या, "बीपीची तेवढी. ती जुनीच हाय, रोजची." मग डॉक्टरांनी नम्रताकडे पाहिलं, शिकलेल्या माणसाकडून एकदा खात्री करून घ्यावी म्हणून, आणि नम्रताची मान हलली. नाही अशी हलली. ती आपण हलवली की आपोआप हलली, याचा विचार ती नंतर पुष्कळ करणार होती. पण मान तिची होती आणि ती हलली होती, यात काही शंका नव्हती.

डॉक्टर वयाने तिच्याएवढ्याच होत्या आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती. "हा नेहमीचा हार्ट अटॅक नाही," त्या म्हणाल्या. "अंगावर लाल चट्टे उठतात, खाज सुटते, ते आपल्याला दिसतं. तेच आतही चाललेलं असतं. शरीराला एखादी गोष्ट सोसत नसेल आणि ती पोटात गेली, तर ते आपल्याकडची सगळी रसायनं एकदम सोडून देतं. अंगभरच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायात, पोटात साठून राहतं, हृदयाकडे परत फिरतच नाही. हृदय बिचारं रिकामंच धडधडतं. आणि हृदयाच्या स्वतःच्या ज्या रक्तवाहिन्या, त्या उलट आवळल्या जातात. म्हणून छातीत दुखलं, म्हणून कार्डिओग्राम तसा आला." सगुणाबाईंनी बोळा बाजूला केला. "म्हंजे हृदयावर पित्त उठला?" डॉक्टर हसल्या. "तसंच समजा, आजी." मग नम्रताकडे वळून त्यांनी विचारलं, "पडले तेव्हा उभे होते का?" "हो," नम्रता म्हणाली, "मी उभं केलं. रिक्षापर्यंत न्यायला." "तिथेच घात झाला. अशा वेळी आडवं निजवून पाय वर ठेवायचे असतात. उभं केलं की वर असलेलं थोडंफार रक्तही खाली उतरतं. पण तुम्हाला हे कुठून माहीत असणार? मनाला लावून घेऊ नका." नम्रताने मान खाली घातली, आणि तिच्या ध्यानात आलं की हे कबूल करताना आपल्याला बरं वाटलं. धाकटी चूक पुढे करून तिने थोरली मागे दडवली होती, आणि धाकटीला लगेच माफीही मिळाली होती. डॉक्टर मात्र अजून विचारातच होत्या. जेवण आणि हा प्रकार यांत बराच वेळ गेलेला दिसतो, कोळंबीला सहसा इतका वेळ लागत नाही, असं त्या म्हणाल्या. पण जन्मभर खाल्लेली वस्तू उतारवयात एकाएकी सोसेनाशी होते, तेही त्यांनी पाहिलं होतं. "सगळ्या तपासण्या नंतर करू. तोवर मासे, कोळंबी, तिसऱ्या, काही म्हणजे काही द्यायचं नाही. तीच वस्तू पुन्हा पोटात गेली, तर या वेळेसारखं नशीब असेल असं मी सांगू शकत नाही." सगुणाबाईंनी हात जोडले. ती वस्तू नम्रताच्या पर्समध्ये होती. पाठ दुखली की ती स्वतःही घ्यायची ती.

पित्त. या एका शब्दाभोवती तिचं मन बाकावर बसल्या बसल्या फिरत राहिलं. नम्रता अलोऱ्याच्या कॉलनीत वाढली. कोयनेच्या कामावर कुठून कुठून आलेली माणसं तिथे राहत, तिचे वडील घाटावरचे, आणि त्यांच्या घरात पित्त म्हणजे सकाळचे आंबट ढेकर. अंगावर उठायच्या त्या गांध्या. आई म्हणायची, गांध्या उठल्यात, खाजवू नको. लग्न होऊन ती या पूर्णगडच्या माणसांत आली आणि इथे पित्ताला सगळ्या घरात मोकळीक होती. घशाशी आलं तरी पित्त, डोकं चढलं तरी पित्त, अंगभर चट्टे आले तरी पित्तच. लग्नानंतर पहिल्या गणपतीत पूर्णगडच्या घरी आप्पा पडवीत उघडे बसले होते, पाठीवर लालभडक चट्टे, आणि सगुणाबाई भिजवलेली आमसुलं हाताने चोळत होत्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "पित्त उठलाय." ते तिने पाहिलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मनात म्हटलंही होतं, अच्छा, याला हे पित्त म्हणतात. पुढे तिच्या नवऱ्याने, दीपकने, रत्नागिरीत फ्लॅट घेतला, सगळे इथे राहायला आले, आप्पांच्या औषधांचा डबा सगुणाबाईंनी तिच्या हवाली केला, कारण तिला इंग्रजी वाचता येत होतं. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "ती गुडघ्याची गोळी त्यांना देऊ नको हां. पित्त होतंय." कुठलं पित्त, ते त्यांनी सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. तिच्या डोक्यात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी पडलेले होते. शनिवारी संध्याकाळी तिने त्यांतला एक उचलला. सोयीचा.

सोयीचा, हा शब्द तिला टोचला आणि तिने तो तसाच टोचू दिला. शमिका बँकेतली, तिच्या शेजारच्या काउंटरवरची. तिची पुण्याला बदली झाली होती, म्हणून सगळ्या मुलींनी मांडवीला जायचं ठरवलं होतं. मुली कसल्या, चाळिशीच्या बायका. भेळ खायची, जेट्टीवर बसायचं, सूर्य बुडताना फोटो काढायचे, आणि कुणाच्याही जेवणाची वेळ सांभाळायची नाही. दीपक बोटीवर जाऊन कितीतरी महिने झाले होते. एवढ्या दिवसांत बँक आणि घर सोडून ती कुठे गेली नव्हती, आणि गेली नव्हती याचं तिने कधी कुणाला काही म्हटलंही नव्हतं. चांगली सून म्हणून तिचं नाव होतं. ते नाव मिळवायला तिला फार कष्ट पडले नव्हते. मनातलं मनातच ठेवायची तिला लहानपणापासून सवय होती. सगुणाबाई शेजारी भजनाला गेल्या होत्या. आप्पा खुर्चीत बसून गुडघा चोळत होते. "सूनबाय, जरा शेक देतेस काय?" त्यांनी विचारलं. शेक म्हणजे पाणी तापवणं, रबरी पिशवी भरणं, ती गुडघ्यावर धरून बसणं आणि बोटीवरच्या इंजिनरूमची गोष्ट ऐकणं. आप्पांनी सगळी उमर बोटीवर काढली होती, आणि त्यांची इंजिनरूम कधी लवकर थंड व्हायची नाही. एरवी ती ऐकायची. तिला आवडायचंही. शनिवारी नाही आवडलं. फोन वाजत होता, शमिका ओरडत होती, अगं आम्ही निघालो, ये लवकर. तेव्हा नम्रताने पर्स उघडली. पित्त होतं म्हणाल्या होत्या, हे तिला आठवलं. अगदी स्पष्ट आठवलं. म्हणून तिने आधी डब्यातली पित्ताची गोळी काढली, आम्लावरची, आणि मग पर्समधली आपली पाठदुखीची. गुडघ्याची आणि ही एकच. आधी ही घ्या, मग ही, म्हणजे पित्त नाही होणार. तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुकसुद्धा वाटलं. आप्पांनी गोळ्या घेतल्या की नाही, हे तिने धड पाहिलंही नाही. ती आरशात ओढणी नीट करत होती.

रिक्षा अर्ध्या वाटेवर पोचल्यावर कळलं, मोबाइल बेसिनपाशी राहिला. नसता राहिला, तर तेव्हा ती भेळ खात असती आणि आप्पा खुर्चीत एकटेच गेले असते. सगळे म्हणत होते, देवानं परत पाठवलं. देवाला मोबाइलची आठवण झाली असावी, कारण तिला आप्पांची झाली नव्हती. दार उघडलं तेव्हा ते खाली वाकून तळपाय खाजवत होते, दोन्ही हातांनी, लहान मुलासारखे. चेहरा लाल, ओठ सुजलेले, कान जाड झालेले. "बाय," ते म्हणाले, "छातीत कायतरी व्हतंय." आणि त्या क्षणी तो शब्द तिच्या डोक्यात कूस बदलून झोपेतून उठला. हेच ते पित्त. पडवीतलं. तिला कुणी सांगावं लागलं नाही, विचार करावा लागला नाही. इतक्या लवकर जे कळलं ते आधी कळलेलंच असणार, असं तिला आता बाकावर बसून वाटत होतं. तिने त्यांना काखेत धरून उठवलं. उठा आप्पा, रिक्षा आहे खाली, उठा. ते उठले. सांगितलेलं ऐकायची त्यांना सवय होती. दारापर्यंत चालले, उंबऱ्याशी थांबले, काहीतरी बोलणार होते, आणि तिच्या हातातून खाली गेले. घाम गार होता. मनगटाला नाडी लागत नव्हती. रिक्षावाला वर धावत आला नसता तर काय झालं असतं, ते ती मनात पुरं होऊ देत नव्हती. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं, पाय उंच केले, दोन्ही हातांत सलाइन लावलं, आणि पडद्यावरची ती रेघ हळूहळू माणसासारखी चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी पूर्णगडहून माणसं आली. दिरांच्या घरची, शेजारची, आप्पांबरोबर बोटीवर असलेला एक म्हातारा. सगळ्यांनी नम्रताकडे पाहून मान डोलावली. सून असावी तर अशी. कुणी तिच्यासाठी घावणे आणले होते, कुणी चहाचा थर्मास. दीपकचा निरोप आला, बोटीवरच्या वाऱ्यात अर्धा विरलेला, पण तेवढं स्पष्ट ऐकू आलं: "तू होतीस म्हणून आप्पा हायेत गो." तिने तो निरोप एकदाच ऐकला आणि फोन पालथा ठेवला. कपडे आणायला ती घरी गेली, तेव्हा फ्रिजमध्ये शनिवारची कोळंबी होती, स्टीलच्या वाटीत, वर थिजलेलं खोबरं. तिने उभ्या उभ्या त्यातली एक खाल्ली. का खाल्ली ते तिला सांगता आलं नसतं. चांगली झाली होती, आमसूल बेताचं, तिखट बेताचं. बिचारीवर नसता आळ आला होता. मग तिने वाटी कचऱ्यात पालथी केली, भांडं घासलं, पुन्हा घासलं, आणि जिचा काही दोष नव्हता तिचा आपण पुरावाच नाहीसा केला, असं वाटून तिला तिथेच, ओट्यापाशी, रडू आलं. रडून झाल्यावर ठरवलं, आज सांगायचं. दवाखान्यात पोचेपर्यंत ते उद्यावर गेलं होतं.

सगुणाबाई बाकावरच होत्या. त्या जेवल्या नव्हत्या. "माझ्या हातानं वाढली मी," त्या नम्रताला म्हणाल्या, जणू ही गोष्ट तिला पहिल्यांदाच कळते आहे. "ते पुरे म्हणत होते. पोट भरलाय म्हणत होते. मीच म्हटला, घ्या आणखी चार, पुन्हा कधी अशी ताजी मिळायची." "आई, असं नका बोलू." "मग कसा बोलू? नवऱ्याच्या ताटात विष वाढला मी. आता घरात मासळी नाय आणायची. त्यांना बंद तर मला पण बंद." समुद्रावर जन्मलेली बाई, श्रावण संपायची वाट पाहणारी, हे इतक्या साधेपणाने म्हणाली. एक वाक्य. एका वाक्यात हे सगळं ओझं नम्रताला उचलता आलं असतं. वाक्य तयारही होतं, रात्रभर जुळवलेलं. त्याऐवजी तिने सासूबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. सगुणाबाईंनी तिचा दुसरा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "तू हायस म्हणून." नम्रताला त्या पाठीवर फिरणाऱ्या आपल्या हाताची किळस आली. पण तो तिने काढून घेतला नाही. काढला असता तर का काढला ते सांगावं लागलं असतं. आपण काही दुष्ट नाही, हे ती मनात सारखी घोकत होती. दुष्ट माणसाला झोप लागली असती. आपण भित्र्या आहोत, आणि आतापर्यंत कधी उघडं पडलं नव्हतं म्हणून चांगल्या होतो. शिवाय त्या गोळीवर घरात आता आपण नजर ठेवू, ती पुन्हा कधी द्यायचीच नाही, मग सांगितलं काय आणि न सांगितलं काय, असाही एक हिशोब मनात चाललेला होता. तो इतका सोयीचा होता की तिला आपल्या मनाची भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी आप्पांना बाहेरच्या खोलीत आणलं तेव्हा दुपार होती. खिडकीतून ऊन त्यांच्या पायांवर पडलं होतं. ओठ उतरले होते, आवाज बसला होता, पण ते ओळखीचे आप्पा झाले होते. जेवणात काय, म्हणून त्यांनी विचारलंही, आणि पेज म्हटल्यावर तोंड वाकडं केलं. मासे बंद, हे त्यांना सगुणाबाईंनीच सांगितलं. ते छताकडे पाहत राहिले, आणि नम्रताला वाटलं, इतकं म्हातारं आपण त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात सिस्टर आत आली, तरणीताठी, हसतमुख. "काय आजोबा, गुडघा ठणकतोय म्हणालात ना मघाशी? घरी कुठली गोळी चालते तुम्हाला? डॉक्टरांना विचारून तीच देते." सगुणाबाईंनी कौतुकाने सुनेकडे हात केला. "गोळ्यांचा तीच बघते. तिला ठावक." तिघांनी नम्रताकडे पाहिलं. त्यांच्या पाहण्यात काहीही नव्हतं, नुसता विश्वास होता. घरातल्या गोळीवर ती नजर ठेवणार होती. जगातल्या सगळ्या सिस्टरांवर, सगळ्या औषधाच्या दुकानांवर, दीपकवर, शेजाऱ्यांवर कोण ठेवणार होतं?

"नको," ती म्हणाली. फार मोठ्याने म्हणाली. सिस्टर दचकली. नम्रताने गोळीचं नाव सांगितलं. "ही द्यायची नाही. कधीच नाही. हीच दिली होती मी शनिवारी संध्याकाळी. कोळंबीने काही झालं नाही. डॉक्टरांना बोलवा." सिस्टरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि ती धावतच बाहेर गेली.

सगुणाबाई जागच्या हलल्या नाहीत. "गुडघ्याची? अगो, मी तुला सांगितला होता ना, पित्त होतंय म्हणून?"

"हो आई. मला वाटलं ॲसिडिटी." हे बोलताच तिला ऐकू आलं की हेही अर्धंच आहे, दोन दिवस गिळून ठेवलेलं वाक्य बाहेर आलं, तेही आपली बाजू सावरत. "नाही. वाटलं नाही. तसं वाटून घेतलं मी. मला मांडवीला जायचं होतं, उशीर होत होता. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले. तुम्ही रडत होतात तरी गप्प बसले."

आता त्या बोलतील, असं तिला वाटलं. तिने खांदे सैल सोडले, मार घ्यायला उभं राहावं तशी उभी राहिली. त्यांनी सगळ्यांदेखत बोलावं, दीपकला कळवावं, पूर्णगडला कळू दे, असं तिला मनापासून वाटत होतं. सगुणाबाई मात्र तिच्याकडे बघतच राहिल्या, आणि त्यांना वेगळंच काहीतरी उमगत होतं. "म्हंजे माझ्या कोळंबीनं नाय?" त्यांनी विचारलं. "नाही, आई." "नाय ना?" "नाही." त्या स्टुलावर बसल्या, पदर तोंडाशी नेला आणि मोठ्याने रडायला लागल्या, इतक्या मोकळ्या की शेजारच्या खोलीतलं माणूस डोकावून गेलं. रागाला त्यांच्यात जागाच उरली नव्हती. उद्या येईल कदाचित. आज त्या नुसत्या सुटल्या होत्या.

"रडतेस कशाला गो," आप्पा बसक्या आवाजात म्हणाले. "मासे पुन्हा चालू झाले की." आणि हसले. हसताना खोकला आला. नम्रताने त्यांना पाणी पाजलं, आणि पेला ठेवताना तिच्या तोंडून निघालं, "माझं चुकलं, आप्पा. मला कळायला हवं होतं. तुम्हाला काय माहीत, कुठली गोळी आहे ती."

आप्पांनी नजर वळवली. चोरी पकडली गेल्यासारखे ते चादरीची कड चाचपत राहिले.

"मला ठावक होती ती," ते म्हणाले. "हातात घेतली तेवाच वळखली. तीन वेळा अंग फुटलाय माझा तिच्यानं."

"मग घेतलीत कशाला?" तिचा आवाज फुटला. "बोलला का नाहीत?"

"तू चपला घालून उभी होतीस," आप्पा म्हणाले. "एवढ्या दिवसांनी कुठं निघाली होतीस. म्हटला, आता ही नको म्हटला तर पोर घरातच बसंल माझ्यापायी."